मांगरात बसून सौर ज्वाला नोंदवा: 19.8 किलोहर्ट्झचा घरगुती रिसीव्हर

पावसाळ्याचे चार महिने कोकणात दुर्बीण गुंडाळून ठेवावी लागते. सौर ज्वाला, म्हणजे सूर्यावर अचानक उसळणारा स्फोट, मात्र भर आषाढातही नोंदवता येते. त्यासाठी तांब्याची तार, एक आयसी आणि जुना संगणक पुरतो.

जमिनीपासून साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित भागाचा, डी थर असतो. पाणबुड्यांशी संपर्क ठेवणारी केंद्रं 20 किलोहर्ट्झच्या आसपास प्रक्षेपण करतात. त्या लहरी जमीन आणि आयनांबर यांच्या मधल्या पोकळीतून हजारो किलोमीटर जातात. सूर्यावर ज्वाला उसळली की तिचे क्ष-किरण साधारण सव्वाआठ मिनिटांत इथे पोचतात, डी थराचं आयनीभवन एकदम वाढतं आणि आपल्याकडे येणाऱ्या सिग्नलची ताकद बदलते. आपण फक्त ही ताकद मोजायची. त्यातले संदेश सांकेतिक असतात, त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

ऐकायची केंद्रं दोन. पहिलं ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थ वेस्ट केपचं एनडब्ल्यूसी, 19.8 किलोहर्ट्झ, शक्ती 1 मेगावॉट, रत्नागिरीपासून सुमारे 6,200 किलोमीटर. दुसरं आपल्या नौदलाचं व्हीटीएक्स, 18.2 किलोहर्ट्झ, तिरुनेलवेली जिल्ह्यात विजयनारायणम इथे, सुमारे 1,070 किलोमीटरवर. भरवसा एनडब्ल्यूसीवर ठेवा, व्हीटीएक्स जोडीला असू द्या.

अँटेना

32 मिलिमीटरचा जाड पीव्हीसी पाइप 3 मीटर घ्या, मधोमध कापा आणि दोन तुकडे फुलीसारखे नटबोल्टनं आवळा. प्रत्येक टोकापासून साडेचार सेंटिमीटरवर तारेसाठी खाच पाडा. म्हणजे कर्ण 1.41 मीटर आणि चौकोनाची बाजू 1 मीटर होते. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि तार सैल पडते. लोखंडाची बंद चौकट तर अजिबात नको, कारण तिच्यातच प्रवाह फिरतो आणि सिग्नल मरतो.

तार 25 गेजची, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीची, इनॅमल्ड. पंपाच्या मोटरी वाइंड करणाऱ्याकडे ती वजनावर मिळते. 50 वेढ्यांना 200 मीटर, म्हणजे साधारण 350 ग्रॅम लागेल, पण 400 ग्रॅम घ्या. वेढे एकाच दिशेनं, हाताला ताण जाणवेल इतके घट्ट, पण पाइप वाकणार नाही इतपत. गुंडाळून झालं की मल्टिमीटर लावा: 17 ते 18 ओहम यायला हवेत. फारच कमी आले तर इनॅमल खरवडून वेढे एकमेकांना चिकटलेत, काहीच आलं नाही तर तार कुठेतरी तुटली आहे किंवा टोकांवरचं इनॅमल नीट निघालेलं नाही.

खाऱ्या हवेत उघडं तांबं महिनाभरात हिरवं पडतं. टोकं डाग देऊन (सोल्डर करून) हीट-श्रिंक चढवा आणि वरून सिलिकॉन लावा, पण ते न्यूट्रल क्युअर प्रकारचं असू द्या. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातलं आम्ल तांबंच खातं.

प्रिअँप

अँटेनातून येणारा व्होल्टेज मायक्रोव्होल्टांत असतो, त्यामुळे तो तिथल्या तिथेच वाढवायचा, हेच प्रिअँपचं काम. एनई5532 आयसी वापरा, कारण अशा कमी रोधाच्या अँटेनासाठी तिचा स्वतःचा खरखराट कमी आहे. पुरवठा 12 व्होल्ट. 10 किलोओहमचे दोन रोध मालिकेत जोडून 6 व्होल्टचा मध्यबिंदू तयार करा. तिथून बॅटरीच्या ऋण टोकाला 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा.

अँटेनाचं एक टोक मध्यबिंदूला, दुसरं 1 किलोओहममधून पिन 3 ला. पिन 3 आणि मध्यबिंदू यांच्यात 1 नॅनोफॅरड आणि उलटसुलट जोडलेले दोन 1एन4148 डायोड. कपॅसिटर मध्यम लहरींचं प्रक्षेपण अडवतो, डायोड दूरच्या विजेच्या धक्क्यातून आयसी वाचवतात. पिन 1 ते पिन 2 असा 10 किलोओहम, पिन 2 ते मध्यबिंदू 100 ओहम, म्हणजे वर्धन 101 पट. पिन 8 धन, पिन 4 ऋण. आयसीचा दुसरा अर्धा भाग मोकळा सोडू नका, तो स्वतःच आंदोलनं काढायला लागतो: पिन 6 आणि 7 जोडा, पिन 5 मध्यबिंदूला. पिन 1 वरून 100 ओहम आणि 10 मायक्रोफॅरडमधून संगणकाच्या साउंड कार्डाकडे जाणारी केबल काढा, कपॅसिटरचं धन टोक आयसीकडे. केबलचं शील्ड बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा.

12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी सहज तीन आठवडे चालते. त्यापुढे ताणू नका, पूर्ण उतरलेली बॅटरी लवकर निकामी होते. दोन ठेवा आणि चार्जिंग वेगळ्या जागी करा. मोबाइल चार्जरसारखा अडॅप्टर इथे लावला तर त्याचा गोंगाट थेट 20 किलोहर्ट्झवर येऊन बसतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

जागा

अर्धं यश इथे आहे. 1904 साली चुंबकीय वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला हलवली, ती मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामच्या प्रवाहांपासून दूर जाण्यासाठी. आपला शत्रूही तोच: एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, टीव्ही, चार्जर. घरापासून 10-15 मीटरवरचा कौलारू मांगर, म्हणजे गवत-अवजारं ठेवायची झोपडी, ही उत्तम जागा. कौलं आणि चिऱ्याच्या भिंती या लहरींना अडवत नाहीत, शिवाय वारा-पाऊस लागत नाही. पत्र्याखाली किंवा स्लॅबच्या सळ्यांना चिकटून ठेवू नका. मांगरात उंदीर केबल कुरतडतात, म्हणून ती कंड्युइट पाइपातून न्या. प्रिअँपच्या डब्यात सिलिका जेल टाका आणि जॅकऐवजी केबल सरळ डागा, जॅक इथे गंजतातच.

चौकट उभी ठेवायची, आणि तिची कड केंद्राकडे. कोकणातून एनडब्ल्यूसी उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं साधारण 133 अंशांवर आणि व्हीटीएक्स 153 अंशांवर आहे. मधला 143 अंश धरला तर दोन्ही सिग्नल दीड टक्काच कमी होतात. एकाच अँटेनात दोन्ही केंद्रं मिळतात ती यामुळे. मात्र एखादा हट्टी गोंगाट एकाच दिशेनं येत असेल तर चौकटीची सपाट बाजू त्याच्याकडे वळवा. सिग्नल थोडा गेला तरी चालेल, गोंगाट जायला हवा.

नोंद

साउंड कार्ड 48 किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचं चालतं, कारण ते 24 किलोहर्ट्झपर्यंत मोजू शकतं. 44.1 किलोहर्ट्झवर वरची कड फार जवळ येते. माइक बूस्ट, आपोआप आवाज जुळवणं आणि गोंगाट कमी करणं या तिन्ही सोयी बंद करा. आपोआप आवाज जुळवणं सुरू राहिलं तर महिनाभर सुंदर सरळ रेषा मिळेल आणि ज्वाला एकही नाही.

स्पेक्ट्रम लॅब हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. एफएफटी, म्हणजे सिग्नल वारंवारतेच्या कप्प्यांत वाटणारं गणित, 4096 बिंदूंची ठेवा, म्हणजे एक कप्पा सुमारे 12 हर्ट्झचा. एनडब्ल्यूसीचा सिग्नल एका बारीक रेघेत नसतो, पसरलेला असतो, म्हणून 19.7 ते 19.9 किलोहर्ट्झमधल्या ऊर्जेची बेरीज घ्या. व्हीटीएक्ससाठी 18.2 भोवती तसंच करा. दर 5 सेकंदांनी एक आकडा पुरे. सोबत जवळच्या एखाद्या, कुठलंच केंद्र नसलेल्या रिकाम्या पट्ट्याचीही नोंद ठेवा, तो तुमचा गोंगाटाचा साक्षीदार. वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत लिहा, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं हवं.

ज्वाला फक्त मार्गावर ऊन असतानाच दिसते. ऑस्ट्रेलियाच्या टोकाला सूर्य आपल्या घड्याळात दुपारी चारच्या आसपास मावळतो, त्यामुळे एनडब्ल्यूसीसाठी सकाळी सात ते साडेतीन ही खरी वेळ. संध्याकाळपर्यंतचा भाग व्हीटीएक्स भरून काढतं. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी रेषा आपोआप खोल जाते आणि वर येते. ती रोजची चाल आहे, नवख्यांना तीच ज्वाला वाटते. म्हणून आधी आठवडाभर नुसतं पाहा आणि शांत दिवसांची सरासरी काढून ठेवा.

आलेखावर ज्वालेचा आकार मुशीच्या (शार्क माशाच्या) पाठीवरच्या परासारखा असतो: एक बाजू उभी, काही मिनिटांची, दुसरी तासभर उतरत जाणारी. मार्गानुसार हा पर उलटा, खालच्या दिशेनंही येतो. अमेरिकेच्या गोज उपग्रहांचे क्ष-किरणांचे आलेख इंटरनेटवर खुले आहेत, त्यांच्याशी वेळ ताडून पाहा. एम वर्गाच्या, म्हणजे चौरस मीटरला 0.00001 वॉट किंवा जास्त तीव्रतेच्या ज्वाला सहसा स्पष्ट उमटतात, सी वर्गातल्या लहान ज्वाला गोंगाटात बुडू शकतात.

वळीव आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट सगळ्या पट्ट्यांवर काटे उभे करतो. ढग गडगडायला लागले की संगणकाकडची केबल काढून घराबाहेर ठेवा, त्या दिवसाची नोंद गेली तरी चालेल.

रेषा बिघडली तर असं ओळखा. रिकामा पट्टाही सोबत वर गेला असेल तर गोंगाट जवळचाच आहे, बहुधा लाइट गेली आणि कुणाचा तरी इन्व्हर्टर सुरू झाला. एकच केंद्र एकदम तळाला गेलं आणि दुसरं जागेवर असेल तर ते प्रक्षेपणच बंद आहे. तिन्ही पट्टे एकत्र तळाला गेले तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर उंदरांनी कंड्युइटचं टोक शोधलं आहे.