कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं गणित शिकवताना या चुका टाळा

सत्र सुरू झालं की काही शिक्षक प्रश्नावली भरून घेतात आणि मुलांवर शिक्के मारतात: हा बघून शिकणारा, ही ऐकून शिकणारी. हेतू चांगला असतो, पण नुकसान होतं. 2008 मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. अशा शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. 'मी ऐकून शिकणारी' हे मनात बसलं, की मुलगी आलेखाच्या कागदाला हात लावत नाही.

शिकवायची पद्धत घटक बघून ठरवा. लिमिट घ्या, म्हणजे क्ष एखाद्या संख्येच्या जवळ जाताना उत्तर कशाच्या जवळ जातं ते: क्ष 2 कडे जाताना (क्ष² − 4) भागिले (क्ष − 2). बरीच मुलं थेट 2 घालतात, शून्यावर शून्य येतं आणि वहीत 'उत्तर 0' पडतं. लगेच अवयव पाडून दाखवू नका. आधी 1.9, 1.99, 2.01 घालायला लावा, 3.9, 3.99, 4.01 येईल. मग आलेख काढू द्या: सरळ रेषा, फक्त क्ष = 2 पाशी पोकळ टिंब. त्यानंतर (क्ष − 2) वरून-खालून काटा. क्ष 2 च्या जवळ जातो, पण 2 होत नाही, म्हणून काटता येतं, हे मुलांकडूनच वदवून घ्या. आकडे, आलेख, बीजगणित, बोलणं, सगळं प्रत्येकाने करायचं.

दहावीपर्यंत मराठीत गणित केलेलं पोर 'व्हेरिएबल' ऐकून गप्प झालं, तर त्याला कच्चं ठरवू नका. शेजारी 'चल' लिहा.

"समजलं का?" विचारलं की आपल्याकडे "हाव सर" येणारच. त्यावर पुढे जाऊ नका. एक गणित द्या, शेजारच्याशी उत्तर ताडून बघायला सांगा आणि बाकांमधून फिरा. 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी सुमारे 34 टक्के मुलं नापास होत होती, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे 22 टक्के. आपल्या मुलांना नापास होणं फार महाग पडतं; मुलींचं तर शिक्षणच थांबू शकतं.

दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीमुळे बाक रिकामे दिसतात, एसटी चुकली की पहिला तास जातो. हजेरीवरून रागावू नका. तासाची सुरुवात मागच्या आठवड्यातल्या एका गणिताने करा आणि नवा घटक दुसऱ्या तासाला घ्या.