योगा आणि चीगोंग एकदम सुरू करायचंय? थोडा अनुभव सांगते

योगा आणि चीगोंग (सावकाश हालचाल, श्वास आणि लक्ष यांचा चिनी व्यायाम) दोन्ही एकत्र सुरू केलं तर चालेल का असं बरेच जण विचारतात. चालतं की, मी तेच केलं. फक्त दोन्हीकडची सवय वेगळी असते. योगा क्लासमध्ये आपलं लक्ष शेवटपर्यंत ताणण्याकडे असतं, बोटं पायाला टेकली की कसं भारी वाटतं. चीगोंगवाले सुरुवातीलाच सांगतात, जमतंय त्याच्या ७० टक्केच करा. कोपर पूर्ण ताठ नको, गुडघा लॉक नको, हात वर नेताना खांदे कानाला चिकटवायचे नाहीत. ऐकायला कामचुकारपणा वाटतो पण आता मी आसनंही तशीच करते आणि मधेच श्वास कोंडून धरायची सवय आपोआप सुटली. या सगळ्यातून मला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

चीगोंगमध्ये नवीन असाल तर बादुआनजिनपासून सुरू करा, उभ्यानं करायच्या ८ हालचाली आहेत, जागा चटईएवढी पुरते, सावकाश केलं तरी पंधरा मिनिटांत होतं. पहिली हालचाल अशी: बोटं एकमेकांत गुंतवून हात पोटासमोर, तळवे वर, मग छातीपर्यंत आणत तळवे फिरवायचे आणि आभाळ उचलल्यासारखे डोक्यावर न्यायचे, दोन सेकंद थांबून हात बाजूनं खाली. खाली येताना गुडघे जरा सैल सोडायचे, नवीन माणूस नेमकं तेच विसरतो. याचे प्रकार बरेच आहेत, व्हिडिओ बघून डोकं गरगरतं, म्हणून चीनमध्ये २००३ च्या सुमारास ठरवलेला प्रमाण क्रम धरा म्हणजे बघाल तिथे साधारण सारखंच दिसेल. ताई ची (संथ हालचालींची चिनी कला) करायची असेल तर १९५६ मध्ये तयार झालेला २४ हालचालींचा सोपा फॉर्म आहे, पण तो लक्षात ठेवायला वेळ जातो, घाई नको.

श्वासाचं म्हणाल तर श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, दोन्ही नाकानं, म्हणजे मिनिटाला ६ श्वास झाले. पाच मिनिटं बास. डोकं हलकं वाटलं तर तुम्ही जोरात ओढताय, नेहमीच्या श्वासावर या. झोपायच्या आधी भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं) छान. कुंभक (श्वास रोखून धरणं) सुरुवातीला नकोच, आणि बीपी जास्त असेल, हृदयाचा त्रास, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर कपालभाती-भस्त्रिका या जोरजोरात श्वासाच्या प्राणायामांच्या वाटेला जाऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आसनांत मार्जारासन (मांजरासारखी पाठ वर-खाली करणं), सेतुबंध (पाठीवर झोपून कंबर उचलणं) आणि भिंतीला पाय लावून पडणं एवढ्यावर बरेच दिवस निघतात (काचबिंदू असेल तर पाय वर करण्याआधी डॉक्टरांना विचारा). शवासन कंटाळा आला म्हणून गाळू नका हं.

आता 'ची', म्हणजे चीगोंगवाले सांगतात ती शरीरातली ऊर्जा, खरंच असते का? तळव्यात ऊब येते, झिणझिण्या येतात हे खरं, बऱ्याच जणांना येतात. त्याला ऊर्जा म्हणा नाहीतर हात सैल सोडून तिथेच लक्ष दिल्याचा परिणाम म्हणा, हालचाल तीच राहते, मी त्या वादात पडत नाही. पण लांबून हात फिरवून आजार बरा करतो, गोळ्या बंद करा असं म्हणणारा भेटला तर सरळ उठून निघा.

शिक्षक निवडताना फी आणि सर्टिफिकेट तर बघालच, पण एक डेमो क्लास घेऊन बघा की ते आधी तुमची दुखणी विचारतात का आणि ज्याला खाली बसता येत नाही त्याला खुर्ची देतात का. ऑनलाइन शिकत असाल तर कॅमेरा बाजूनं लावा, समोरून पाठीचा बाक शिक्षकांना दिसतच नाही.