फायटर सगळ्यात शेवटी आणा

कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला गेलं की प्लास्टिकच्या पेल्यांत, पाऊचमध्ये बसलेले निळे-लाल फायटर मासे दिसतात आणि एक तरी घरी न्यावासा वाटतो. आज नेऊ नका. आधी टाकी लावा, पाणी तयार होऊ द्या आणि महिना-दीड महिन्याने मासा आणायला जा. फायटर, म्हणजेच बेटा, पाण्यावर येऊन तोंडाने हवा घेतो, म्हणून तो पेल्यात तग धरतो. पण तग धरणाऱ्या माशाला सुखात ठेवायचं, तर वीसेक लिटरची टाकी हवी.

मुंबईतल्या घरांसाठी मला ॲक्रिलिकची टाकी आवडते. वजनाला हलकी, आणि लहान मुलाचा धक्का लागला तरी तडकत नाही. पण वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, खडी वेगळी. भिंतीवरच्या फळीवर हा भार टाकू नका. बैठं, मजबूत कपाट बघा आणि टाकीचा तळ सगळीकडून टेकेल असा ठेवा. कडा अधांतरी राहिल्या तर ॲक्रिलिक वाकतं. खिडकीतलं ऊन थेट येत असेल तर जागा बदला, नाहीतर मे महिन्यात पाणी तापेल आणि शेवाळ माजेल. एसीच्या झोताखालीही नको. फायटरला २५ ते २८ अंश मानवतं. आपल्याकडे बहुतेक वर्ष हीटर लागत नाही, पण रात्रभर एसी चालणारी खोली आणि जानेवारीतल्या गार रात्री यांसाठी छोटा हीटर आणि थर्मामीटर आणून ठेवा. हीटर ॲक्रिलिकला चिकटू देऊ नका.

नवी टाकी नुसत्या पाण्याने, तळहाताने धुवायची. साबण अजिबात नाही. कुणाची वापरलेली टाकी मिळाली आणि तिच्यावर क्षारांची पांढरी रेघ असेल, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात भिजवलेलं मऊ फडकं पंधरा मिनिटं तिथे लावून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, थिनर यांपासून ॲक्रिलिक लांब ठेवा. त्यांनी त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात. माझ्या पहिल्या टाकीवर मी भांडी घासायच्या स्पंजची हिरवी बाजू फिरवली होती. दिवसा काही कळलं नाही. रात्री टाकीचा दिवा लावला आणि समोरच्या बाजूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकले, अगदी जिथे मासा येऊन थांबायचा तिथेच. ते कधीच गेले नाहीत. म्हणून शेवाळ काढायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड किंवा मऊ फडकं घ्या, आणि घासण्याआधी मध्ये वाळूचा कण अडकलेला नाही ना, हे बोटाने चाचपून बघा.

आता पाणी. तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी शुद्ध होऊन क्लोरीनसकट आपल्या नळाला येतं. बादलीत उघडं चोवीस तास ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब घाला. मी दोन्ही करते. सोसायटीची टाकी नुकतीच धुतली असेल तर दोन-तीन दिवस तिचं पाणी फिशटँकला घेऊ नका, आणि पावसाळ्यात गढूळ आलं तर निवळू द्या. टाकी भरली की स्पंज फिल्टर आणि एअर पंप सुरू करा. हवा बारीक सोडा, लांब पंखांच्या माशाला जोराचा प्रवाह सोसत नाही. मग रोज चिमूटभर माशांचं खाद्य, मासा नसलेल्या या टाकीत टाका. ते कुजून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार.

तोवर बदामाची पानं जमवा. हा मासा मूळचा थायलंडच्या भातखाचरांतला, संथ आणि पालापाचोळ्याच्या पाण्यातला. २०१९ मध्ये त्या देशाने त्याला आपला राष्ट्रीय जलचर केलं. आपल्या रस्त्यांवर, शाळांच्या आवारात देशी बदाम ढिगाने आहे. आपोआप गळलेलं, पूर्ण सुकलेलं तपकिरी पान घ्या, गटाराजवळचं किंवा फवारणी झालेल्या झाडाचं नको. धुऊन टाकीत सोडलं की पाणी हळूहळू कोऱ्या चहासारखं होतं. मासा त्या सावलीत निवांत असतो. सोबत जावा फर्न किंवा अनुबियास अशी एखादी पाणवनस्पती पुरे.

झाकण आणलंत ना? फायटर उडी मारतो. हवेला भोकं असू द्या आणि पाण्यावर चार बोटं जागा ठेवा. मासा आणल्यावर पाऊच वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, थोडं थोडं टाकीचं पाणी त्यात घाला, मग जाळीने फक्त मासा आत सोडा. पाऊचमधलं पाणी फेकून द्या. एका टाकीत नर एकच.

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी सायफनने, म्हणजे पाणी खाली ओढणाऱ्या नळीने काढायचं, खडीतली घाण त्यातच ओढून घ्यायची. मासा आतच राहू द्या. स्पंज काळवंडला असेल तर त्या काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात आणि महिन्याची मेहनत वाया जाते. नवं पाणी टाकीइतकंच कोमट असावं. आणि एखाद्या कोपऱ्यात पाण्यावर फेसाचा पुंजका दिसला तर ते नराने बांधलेलं घरटं आहे. त्या कोपऱ्याला हात लावू नका, पाणी दुसऱ्या बाजूने, मगाने हळू ओता.