बाबांना सॉल्टेअर दाखवायचं तर

इंग्लंडमधलं सॉल्टेअर म्हणजे एका गिरणीमालकाने कामगारांसाठी वसवलेलं गाव. लीड्सहून स्किप्टनकडे जाणारी गाडी धरा, 15-20 मिनिटांत सॉल्टेअर. त्याची जुनी कापड गिरणी स्टेशनला लागूनच आहे, पण लगेच आत शिरू नका. आम्ही पहिल्यांदा शिरलो आणि पुस्तकं, चित्रकार डेव्हिड हॉकनीची चित्रं करता करता गाव बघायचंच राहिलं.

आधी व्हिक्टोरिया रोडचा चढ, हळूहळू. गुडघे कुरकुरले की दगडी सिंहांपाशी थांबा. दोन गावाच्या हॉलसमोर, दोन पलीकडे शाळेसमोर. वर हिरवळीभोवती म्हाताऱ्यांसाठी बांधलेली 45 घरं आहेत. तेव्हा भाडं नव्हतं, उलट आठवड्याला पेन्शन मिळायची. तिथेच बसून गोष्ट सांगा: ब्रॅडफर्डच्या धुरातून टायटस सॉल्टने आपला कारखाना एअर नदीकाठी हलवला. सॉल्ट अधिक एअर, झालं गावाचं नाव! अल्पाका या उंटासारख्या प्राण्याच्या लोकरीवर पैसा केलेला हा माणूस. 1853 साली, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी त्याने गिरणी सुरू केली. 1876 मध्ये तो वारला, तोवर गाव उभं राहिलं होतं.

उतरताना मुख्य रस्त्याने येऊ नका, गल्ल्यांतून या. पाट्या वाचा: कॅरोलाइन बायको, एडा, हेलन, फॅनी मुली, दोन गल्ल्या आर्किटेक्टांच्याही नावाने. काही रांगांच्या टोकाची घरं तीन मजली दिसतील. "ही जॉबरची," म्हणजे गिरणीतल्या मुकादमांची, बाबांनी न विचारताच ओळखलं. ते लालबागच्या चाळीत वाढलेत. प्रत्येक घराला पाणी, गॅस आणि मागे स्वतःचा संडास होता म्हटल्यावर मात्र ते थबकले. "प्रत्येकाला वेगळा?" मग दुसरा प्रश्न: "आणि गुत्ता?" तो नव्हता. सॉल्टने गावात पब होऊच दिला नाही. पुढे कधीतरी एक बार उघडला, त्याचं नावच 'टायटसला सांगू नका'!

खाली चर्च बघून कालवा आणि नदी ओलांडा. रॉबर्ट्स पार्कात चहा घ्या, सॉल्टच्या पुतळ्याखालचा अल्पाका शोधा.

गिरणी शेवटी. 1986 मध्ये ती बंद पडली, पुढच्या वर्षी जोनाथन सिल्व्हर या उद्योजकाने घेतली आणि तिथे चित्रं आली. आता घाई करू नका. मी हॉकनी दाखवत होते. बाबा ओतीव खांबांमधलं अंतर पावलांनी मोजून इथे किती साचे, म्हणजे यंत्रं, बसत असतील याचा हिशेब करत होते.