रेडी वाढत नाही, माजावर येत नाही? या चुका टाळा

"अडीच वर्षांची झाली, वाढीचं इंजेक्शन मिळेल का?" कोल्हापुरातल्या करवीर-शिरोळकडच्या गोठ्यांत हा प्रश्न ठरलेला. गंमत अशी की, उपाशी रेडीच्या रक्तात वाढीचा हार्मोन कमी नसतो, बहुधा जास्तच असतो. पण हाडं-स्नायू वाढवायचं बरंचसं काम त्याच्या हुकमावर यकृत बनवतं तो आयजीएफ-1 नावाचा दुसरा हार्मोन करतो. प्रथिनं आणि ऊर्जा तुटली की यकृत त्या हुकमाला दाद देत नाही. तिथं सुई काय करणार?

खरी चूक उसाच्या वाढ्यात, म्हणजे तोडलेल्या हिरव्या शेंड्यात. गाळप हंगामात ते मुबलक, म्हणून चार-पाच महिने तेच. पोट गच्च दिसतं, पण वाढ्यात कोरड्या वजनाच्या जेमतेम 5-6 टक्के प्रथिनं. वाढत्या रेडीला एकूण आहारात 12-14 टक्के हवीत. शिवाय त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. वाढं बंद नको, निम्म्यावर आणा. 150-200 किलोच्या रेडीला सोबत रोज 4-5 किलो हिरवा मेथी घास, 20 टक्के प्रथिनांचं दीड किलो पशुखाद्य आणि 25-30 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. नुसत्या खडेमिठावर भागवू नका; त्यात आयोडीन पुरेसं नसतं आणि आयोडीनशिवाय वाढीला लागणारा थायरॉईडचा हार्मोन बनत नाही.

वैरणीची वेळ रोज बदलू नका. ठरल्या वेळेआधी भुकेचा हार्मोन घ्रेलिन वर चढतो, जनावर चवीनं खातं.

माजाचं वय मोजण्यापेक्षा वजन मोजा. चरबीतून येणारा लेप्टिन हा हार्मोन मेंदूला साठा पुरेसा असल्याचं कळवतो, मगच प्रजननाची साखळी सुरू होते. साधारण प्रौढ वजनाच्या 55-60 टक्क्यांवर. म्हैस 450 किलोची होणार असेल तर 250-270 किलो. काटा नसेल तर टेप घ्या: छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी, भागिले 660. घेर 50, लांबी 45 असेल तर सुमारे 170 किलो, म्हणजे अजून बरंच अंतर आहे.

मात्र घाईनं पेंड ओतू नका. गायींच्या कालवडींत माजाआधी फार चरबी चढली की कासेत दूधग्रंथींच्या जागी चरबी साठते.

वजन भरूनही माज दिसत नसेल तर मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारा माज, असू शकतो; म्हशीत तो नेहमीचाच. पहाटे आणि रात्री उशिरा लक्ष ठेवा, आणि पशुवैद्यकाकडून बीजांड तपासून घ्या.