व्हिडिओतले वाक्य आधी वहीत उतरवा : स्त्रियांच्या कॅन्सरवरचा सल्ला कसा तपासावा

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत मी एकतीस वर्षे व्याकरण शिकवले आणि निवृत्त झाल्यावर आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटाची राखणदारी माझ्या गळ्यात पडली. गटावर आरोग्याचे व्हिडिओ रोज येतात, त्यांत स्तनाच्या आणि ‘पिशवीच्या’ कॅन्सरचे बरेच असतात, आणि आमच्या बेळगाव भागाच्या रिवाजाप्रमाणे तोच व्हिडिओ सकाळी कन्नडमध्ये, दुपारी हिंदीत आणि रात्री मराठी आवाज चढवून येतो. तो किती लोकांनी पाहिला ते बघा, बोलणाऱ्याच्या अंगात पांढरा कोट आहे का ते बघा, खालचे अभिप्राय वाचा, असे सल्ले सर्रास दिले जातात; माझ्या अनुभवात ते तिन्ही कुचकामी आहेत. मी वापरते ती रीत पुढे देते. तिला वही आणि पेन लागते.

पहिली पायरी : तपासून होईपर्यंत व्हिडिओ पुढे पाठवू नये.

दुसरी पायरी : पूर्ण, मूळ व्हिडिओ शोधावा आणि त्याची तारीख पाहावी. अर्ध्या मिनिटाचा तुकडा तपासण्यात वेळ घालवू नये, कारण कापलेला भाग बहुधा नेमका उपयोगाचा असतो.

तिसरी पायरी : बोलणारी व्यक्ती कोण आहे ते पाहावे. डॉक्टरांचे नाव राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या किंवा राज्य वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत ऑनलाइन शोधता येते; आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या नोंदवह्या वेगळ्या असतात. मात्र नाव सापडले म्हणून वाक्य खरे ठरत नाही. हाडांचे निष्णात डॉक्टर स्तनाच्या गाठीविषयी बोलू लागले, तर त्यांची पदवी खरी आणि सल्ला कच्चा असू शकतो.

चौथी पायरी अवघड आहे, आणि तिथे मी स्वतः एकदा सपशेल चुकले आहे. व्हिडिओतला मुख्य दावा एका वाक्यात, कर्तरी प्रयोगात, वहीत लिहायचा : कोण, काय, करतो. कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्याखाली रेघ ओढायची. ऐकायला हे बालवर्गातले वाटते, पण दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून हे एक वाक्य लिहायला बसलेल्या बाईला कर्म सापडत नाही, असे मी कितीदा तरी पाहिले आहे.

माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी गटावर एक कन्नड व्हिडिओ आला होता. त्यात एक डॉक्टर सांगत होते की केमोथेरपी चालू असताना मळमळ होत असेल, तर आल्याचा काढा थोडा थोडा घेतल्याने ती ‘कडिमे आगतैती’, म्हणजे कमी होते. कन्नड न समजणाऱ्या बायकांसाठी मी खाली मराठीत एक ओळ लिहिली : ‘केमोवाल्यांना आल्याच्या काढ्याने गुण येतो.’ आता मराठीत औषधाचा गुण येणे म्हणजे थोडा आराम पडणे. परंतु आमच्याकडे दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात आणि कन्नडमध्ये ‘गुण आगतैती’ म्हणजे सरळ बरे होते. माझी ओळ तशीच वाचली गेली. त्यात मळमळ हे कर्मच नव्हते. ज्याला जे हवे ते त्याने तिथे भरले. गटातल्या एका बाईच्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती, दुखत नव्हती, तिने ती कोणाला सांगितली नव्हती. तिने तीन महिने काढा घेतला. पुढे तिच्या मुलीने तिला दवाखान्यात नेले, गाठ कॅन्सरची निघाली, शस्त्रक्रिया आणि केमो झाली, आणि आज ती शेतावर जाते. ते तीन महिने मात्र माझ्या एका ओळीने खाल्ले. ‘काढा मळमळ कमी करतो’ असे मी लिहिले असते, तर त्यात कोणालाही दुसरे काही वाचता आले नसते.

म्हणून आधी कर्म तपासावे : हे नेमके कोणत्या अवयवाविषयी चालले आहे? आपण ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतो आणि त्या एका शब्दात तीन वेगळे आजार कोंबतो. गर्भाशयाचे तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, हा एक, खुद्द गर्भाशय दुसरा, अंडाशय तिसरा. एचपीव्ही नावाच्या विषाणूविरुद्धची लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दिली जाते. पॅप चाचणीही गर्भाशयमुखाचीच असते. ती चांगली आली म्हणजे अंडाशयही ठीक आहे, असा अर्थ होत नाही. काही त्रास नसलेल्या सर्वसाधारण स्त्रियांनी अंडाशयाच्या कॅन्सरसाठी ठरावीक काळाने करावी अशी मान्यताप्राप्त चाचणी अजून नाही, त्यामुळे ‘एका रक्ततपासणीत पिशवीचे सगळे कॅन्सर कळतात’ हे वाक्य कर्मापाशीच कोसळते. (ज्यांची पिशवी काढली आहे अशा कितीतरी जणी आता आपल्याला स्तनाचीही भीती उरली नाही असे धरून चालतात. हा समज कोणत्या व्हिडिओने दिला ते मला अजून सापडलेले नाही.)

मग क्रियापद. या विषयात कामाची क्रियापदे चारच आहेत : टाळते, शोधते, बरा करते, त्रास कमी करते. वाईट व्हिडिओ एका क्रियापदाने सुरू होतो आणि दुसऱ्यावर संपतो. लस टाळते, आधीच झालेला संसर्ग किंवा कॅन्सर ती बरा करत नाही. शिवाय तिचे टाळणेही पुरते नसते : गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोन प्रकार कारणीभूत असतात, बाकीचे इतर प्रकारांमुळे होतात आणि लस त्या सगळ्यांना अडवत नाही, म्हणून लस घेतलेल्या स्त्रीनेही पुढे तपासणी करायचीच असते. ‘लस घेऊनही कॅन्सर झाला, म्हणजे लस खोटी’ असे ठणकावणाऱ्या व्हिडिओने हा भाग गाळलेला असतो. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, शोधते, टाळत नाही. हळदीचा अर्क काचेच्या बशीतल्या कॅन्सर पेशी मारतो, हे प्रयोगशाळेतले वाक्य आहे. त्यात बाई कुठेच नाही.

एका ठिकाणी मात्र शोधणे आणि टाळणे खरोखर एकमेकांना मिळतात, आणि तिथे उगाच संशय घेऊ नये. गर्भाशयमुखाच्या तपासणीत कॅन्सर होण्याआधीचे बदल दिसतात आणि तेवढाच भाग काढता येतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचे गट पाडून वेगवेगळ्या तपासण्यांची तुलना करण्यात आली. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही, तपासणी न केलेल्या गटाच्या तुलनेत, त्या आजाराचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद तर आहेच, पण कोणाशी तुलना केली तेही आहे.

शेवटी एक अव्यय पाहावे : ‘ऐवजी’ की ‘बरोबर’, म्हणजे उपचारांऐवजी की उपचारांबरोबर? नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषदेत पत्नीचा चौथ्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर बरा होण्याचे श्रेय कडुनिंब, हळद, लिंबूपाणी अशा आहाराला दिले आणि त्याचे तुकडे सगळीकडे फिरले. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना, या आहाराच्या दाव्यांना पुरावा नाही आणि उपचार लांबवू नका, असे निवेदन काढावे लागले. सिद्धू यांनीही पुढे आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता असा खुलासा केला. आमच्या गटावर हा तुकडा तीन भाषांत आला, खुलासा एकाही भाषेत आला नाही. वहीत ‘बरोबर’ हे अव्यय लिहिल्यावर त्या व्हिडिओत लिंबूपाण्यापुरतेच काय ते उरते.

पाचवी पायरी : विक्री शोधावी. खाली फोन नंबर, कुरिअरने येणारी पुडी, ‘आधी नाव नोंदवा’ असे काही असेल, तर पुढे पाहू नये. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला औषधे व जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदाच मनाई करतो. कॅन्सरवरचे घातक किंवा निरुपयोगी उपचार पुढे करणारे व्हिडिओ काढून टाकण्याचे धोरण यूट्यूबने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केले, पण फोनवर उतरवून घेतलेला तुकडा गटागटांतून फिरतच राहतो.

सहावी पायरी : वहीतले वाक्य घेऊन माणसाकडे जावे. व्हिडिओ दाखवू नये. डॉक्टरांना तो पाहायला वेळ नसतो, आणि ते घाईत ‘हो, हो’ म्हणतात. वाक्य वाचून दाखवावे. आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर किंवा डॉक्टर त्याला अर्ध्या मिनिटात उत्तर देतात. त्याच फेरीत स्वतःचीही तपासणी करून घ्यावी : २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे. निपाणीकडच्या माझ्या नात्यातल्या बायका तोंडाची तपासणी टाळतात, कारण मिश्री लावल्याचे सिस्टरला कळेल. त्यांनी ती आधी करावी.

ज्यांना लक्षण आहे त्यांनी वरचे काहीही करू नये. स्तनात किंवा काखेत गाठ, मग ती न दुखणारी का असेना, बोंडातून रक्त, कातडी आत ओढली जाणे, पाळी बंद झाल्यावर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणे, आठवडे न् आठवडे न उतरणारी पोटाची फुगी, यांपैकी काही असेल तर सरळ दवाखान्यात जावे. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत, आणि केसपेपर हातात पडला की निघण्यापूर्वी सिस्टरना एवढे विचारावे : यात कोणत्या अवयवाचे नाव लिहिले आहे? आमच्याकडे केसपेपरवर कन्नड आणि इंग्रजी असते. ते नाव सिस्टरकडूनच मराठीत लिहून घ्यावे. घरी आल्यावर जावई किंवा भाचा त्याचे पुन्हा ‘पिशवी’ करून टाकतो.