पहिली टर्की करताय? आधी ओव्हन मोजा

नोव्हेंबर लागला की इथे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला करायची गोठवलेली टर्की (कोंबडीसारखाच, पण बराच मोठा पक्षी) कधीकधी पाउंडामागे चिकनपेक्षाही स्वस्त मिळते. मग नव्याने आलेली मंडळी विचारायला लागतात, "रोस्टिंग पॅन कुठला घेऊ?" रोस्टिंग पॅन म्हणजे अख्खी टर्की भाजायचं खोलगट भांडं. माझं उत्तर ठरलेलं आहे. पॅनचं नंतर बघू, आधी एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि ओव्हन आतून टेपने मोजा.

अपार्टमेंटमधले काही ओव्हन इतके अरुंद असतात की १८ बाय १३ इंची हाफ शीट ट्रेसुद्धा आत जात नाही. जात असेल तर तोच घ्या आणि सोबत जाळी. एरवी भाज्या भाजायला, शंकरपाळे बेक करायला तो कामी येतो. भलामोठा रोस्टिंग पॅन वर्षभर नुसता कपाट अडवून बसतो. फॉइलचा स्वस्त ट्रे चालेल, पण टर्कीच्या वजनाने तो मधोमध वाकतो आणि कडकडीत तूप-रस पायावर येतो. त्याच्याखाली जाड बेकिंग ट्रे ठेवा आणि उचलताना दोन्ही एकदमच उचला. काचेचं भांडं नकोच. तापल्यावर त्यात गार पाणी पडलं तर तडकतं, शिवाय ग्रेव्हीसाठी शेगडीवर ठेवता येत नाही. आपली सांडशी इथे उपयोगाची नाही. ओलं फडकं तर मुळीच वापरू नका, त्यातून चटका लगेच बसतो. आणि हो, ओव्हन लावायच्या आधी आत कोंबलेल्या कढया-तवे बाहेर काढा. आपल्या घरांत ओव्हन म्हणजे भांड्यांचं कपाटच!

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. त्या दिवशी बहुतेक मोठी दुकानं बंद असतात, तेव्हा कोथिंबीर-लिंबापर्यंत सगळं बुधवारीच आणून ठेवा. आठ-दहा जणांना १२ पाउंडांची टर्की पुरते. ती फ्रीजमध्ये विरघळायला तीन दिवस लागतात. रविवारी संध्याकाळी फ्रीजच्या तळाच्या खणात, ट्रेमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवून विरघळवू नका. उशीर झालाच, तर वेष्टनासकट गार पाण्यात बुडवा, पाउंडामागे अर्धा तास धरा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. कच्ची टर्की नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात. पोटात आणि मानेपाशी मान-काळजाची पिशवी असते, ती आठवणीने काढा.

वेष्टनावर मिठाचं पाणी भरल्याचं लिहिलं असेल तर वरून मीठ अगदी बेताने. लोण्यात आलं-लसूण आणि तिखट कालवून कातडीच्या आत चोळा. दही लावलं तर कातडी कुरकुरीत होत नाही.

माझं मत विचाराल तर टर्की अख्खी भाजूच नका. जाड कात्रीने पाठीचा कणा कापून काढा, छातीवर जोर देऊन ती सपाट करा आणि ट्रेवर पसरा. ४२५ फॅरनहाइटला साधारण दीड तासात होते. अख्खीला ३२५ला तीन तास लागतात, आणि मांडी शिजेपर्यंत छातीचा भुसा होतो. टेबलावर ती शोभून दिसते, एवढंच. थर्मामीटर मांडीत आणि छातीत, हाडाला न टेकवता खुपसा. १६५ दाखवलं की काढा. टर्कीतच खोचलेली प्लास्टिकची पिन वर आली म्हणजे शिजली, असं धरून बसू नका. वीस मिनिटं थांबून कापा.

पाहुण्यांना आधी विचारून घ्या. २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरचा थँक्सगिव्हिंग नेमका मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आला होता, म्हणजे घट मांडणाऱ्या घरांत उपास. शाकाहारी माणसांसाठी फक्त टर्की वगळून भागत नाही. ग्रेव्ही टर्कीच्या रसाची असते आणि ब्रेडच्या सारणात, म्हणजे स्टफिंगमध्येही बहुधा चिकनचा स्टॉक असतो. त्यांचं वेगळं करा, पळीसुद्धा वेगळी. क्रॅनबेरीची चटणी मात्र सगळ्यांना चालते. करवंदासारखी आंबट फळं ती, गूळ आणि मिरची घालून छान होते.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. हाडं आणि तो कणा कुकरला लावा, दुसऱ्या दिवशी पुलावाला स्टॉक तयार.